पहिल्या शिवीचा मान

मंगळवार, नागपंचमी

आज चिरायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही. बायांना नागाच्या कृपेनं मिळणारी ही एक सुट्टी, तीही लखननं घालवली. सकाळीच मोबाइल घेऊन आला आणि बातमी वाचून दाखवली. एकदा मला, एकदा त्याच्या बापाला, आणि मग अंगणात फेऱ्या मारत स्वतःलाच.

बातमी आमचीच. ‘धामकाठ लाइव्ह’ नावाचं मोबाइलवरचं वर्तमानपत्र आहे म्हणे. वर मोठ्या अक्षरात: ‘सावळगढच्या राजघराण्याची मनमानी! देवालाच घातलं कुलूप!’

स्वीटी म्हणाली, आजी, मनात येईल ते सांगत जा, मी लिहून ठेवते, तुझं डोकं हलकं होईल. स्वीटी माझी नात, लखनची धाकटी बहीण. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून मोबाइल बघते. हे लिहू नको म्हणते. मला अक्षर येत नाही, लिहिलं की गाळलं ते कळणार नाही, म्हणून रोज शेवटी वाचून दाखवायची अट घातली. दुसरी अट अशी, की माझं सांगणं शाळेतल्यासारखं सरळ केलंस तरी चालेल, पण माणसं बोलली ते जसं निघालं तसंच ठेव.

राजघराणं म्हणजे काय ते सांगून ठेवते, नाहीतर वाचणारा हत्ती शोधायचा. माझ्या सासऱ्यांचे पूर्वज या भागातले गोंड राजे. सरकारनं राजेपण काढून घेतलं तेव्हा आमच्याकडून न्यायला राजेपणाशिवाय काही नव्हतं. किल्ला माझ्या लग्नाच्या आधीच मातीत गेला, त्या मातीची टेकडी राहिली, तिला गढी म्हणतात. गढीवर टिनाच्या चार खोल्या, एक हातपंप, मागं मोहाच्या झाडाखाली गावाचा बडादेव. सध्याचा राजा माझा मुलगा आनंदराव. तो आर्वी डेपोत कंडक्टर होता. निवृत्त झाला तरी अजून कुणी घरात आलं की आधी त्याच्या हाताकडं बघतो.

आणि फाटक. ते लखननं उन्हाळ्यात लावलं, कुलपासकट. तो नागपूरच्या हॉटेलात कामाला होता. बोरच्या जंगलात वाघ बघायला लोक येतात, त्यांच्यासाठी त्यानं गढीवर तंबू टाकले, पाटी लावली, ‘राजवाड्यात मुक्काम’. पाहुणे विचारतात राजवाडा कुठं आहे. तो मला दाखवतो.

फाटक बकऱ्यांसाठी आहे असं मला सांगितलं होतं. बकऱ्या थांबल्या, हे खरं.

गुरुवार

दुसरी बातमी. हिच्यात मी आहे. मी म्हणे चांदीच्या ताटात जेवते. गढीखाली भुयार आहे, भुयारात हंडे आहेत. गावच्या बायांना मी माझ्यासमोर चप्पल घालू देत नाही. चांदीचं ताट मी स्वीटीला घरभर शोधायला लावलं, सापडलं नाही. भुयार मात्र असतं तर बरं झालं असतं, उन्हाळ्यात झोपायला.

लिहिणारा प्रेमदास. आमच्याच गावचा, लखनच्या वर्गातला, शकुबाईचा नातू. शकुबाई आणि मी एकाच वर्षी या गावात सुना होऊन आलो. चारचौघांत गाव मला राणीमाय म्हणतं, शकुबाई मात्र गर्दीतही धुरपते म्हणते. गावात माझं नाव तेवढं तिनं वापरात ठेवलं आहे.

लखनचा दिवसभर जीव वरखाली. "आजी, मोठ्या मोठ्या राजघराण्यायनं यासाठी माणसं ठेवलेली असते. कोनं वाईट लिवलं का लगेच उत्तर. आपल्या घरी काहीच सिस्टीम नाई."

मी म्हटलं, आहे की. पोळ्याची कर.

तो हसला. त्याला हसू दे, पण लिहून ठेव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सारं गाव गढीवर येतं. राजा अनवाणी पायरीवर उभा राहतो आणि गाव त्याला शिव्या देतं. वर्षभर पोटात साचलं ते सगळं, तोंडावर. राजानं ऐकायचं. ओठ उघडायचे नाहीत, मानही हलवायची नाही. मग राजा स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी ओततो, माणूस चूळ भरतो, विषय संपतो. पहिल्या शिवीचा मान शकुबाईच्या घराचा, तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून. तिच्यानंतर तो प्रेमदासकडं जाईल. म्हणजे पोरानं घराण्याचंच काम केलं. फक्त करीच्या आधी केलं आणि चूळ भरायची राहिली.

माझे मालक राजे होते तेव्हा शिव्या ऐकून घरात यायचे आणि खाटेवर पडून एकेक आठवायचे. बहुतेक सोडून द्यायचे. एखादीवर थांबायचे. एका वर्षी कुणी ओरडलं होतं की राजाचा बैल रांडमुंड बाईचं शेत चरतो. ते खरं निघालं. त्यांनी बैल विकला, कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या करीला त्या बाईनं दुसऱ्या कारणावरून शिव्या दिल्या, मालक खूश.

लखनला एक वेगळीच काळजी लागली आहे. बातमीत कुलपाचा फोटो आहे, तो आतून काढलेला. कोपऱ्यात आमचा हातपंप दिसतो आणि माझं वाळत घातलेलं निळं लुगडं. तेव्हा पाहुणेही नव्हते, आत तर आम्ही चौघंच. मी म्हटलं, माकडं फार झाली आहेत रे, आजकाल त्यांच्याकडंही मोबाइल असतील. स्वीटी, पेन काऊन थांबला? लिही.

रविवार

गुडघा. बातमी नाही. बातमी नाही म्हणून लखन अधिकच बेचैन. दर थोड्या वेळानं मोबाइल बघतो, जसं कुणी दुखरा दात जिभेनं चाचपतं.

आनंदराव काहीच बोलत नाही. तो लहानपणापासून असाच. बसमध्ये घंटी वाजवून काम भागायचं, घरात घंटी नाही.

शुक्रवार, राखीचा आदला दिवस

थकले. आज मला सिनेमात घेतलं.

लखननं सेलूहून भाड्याचा फेटा आणला, लग्नात नवरदेवाला देतात तो. प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल टाकून मला बसवलं, आणि बाजूला स्वतः उभा. म्हणाला आजी, म्हण, ‘आमच्या घराण्याची परंपरा जनसेवेची आहे.’ मी म्हटलं. पण पुढं तोंडून निघून गेलं, "हे लोकायनं म्हनाव न बाबू, आपन कायले सांगाचं?" ते त्यानं कापलं आणि बाकीचं मोबाइलवर टाकलं. आता त्या सिनेमात मी मासोळीसारखं तोंड उघडते आणि मिटते.

खाली लोकांनी लिहिलं ते स्वीटीनं वाचून दाखवलं. कुणी विचारलं, फेटा किती रुपये दिवस. कुणी लिहिलं, कंडक्टरचं पोट्टं युवराज झालं. आनंदरावनं ते ऐकलं आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेला. गाय आत्ताच पाणी प्यायली होती.

आणखी एक झालं. लखननं चार दिवसांपूर्वीच वर्ध्याच्या वकिलाकडून प्रेमदासला नोटीस पाठवली, अब्रूनुकसानीची, ते आज कळलं. पुन्हा घराण्याबद्दल कुणी वाईट बोललं तर कोर्टात खेचू, असं तिच्यात आहे. मी विचारलं, करीला काय करतील मग लोक? तो म्हणाला, आजी, तो कार्यक्रम वेगळा. मी म्हटलं, हे नोटिशीत लिहिलं आहेस का?

लिहिलं नव्हतं.

रविवार

सकाळी किराण्याच्या दुकानात शकुबाई भेटली. मी गुळाच्या ढेपेजवळ बसले होते, ती तेल घ्यायला आली. मला बघून थांबली, पदर नीट केला.

"बरं हाय नं, राणीमाय?"

मला आधी वाटलं माझ्यामागं कुणी आहे. मी म्हटलं, शकू, डोळे गेले का तुझे? तर खाली बघून म्हणाली, "नाई, बरं हाय सगळं. येतो मी." आणि तेल न घेताच गेली.

इतक्या वर्षांत या बाईनं मला काय काय म्हटलं. माझ्या वरणाला म्हटलं, माझ्या चालण्याला, माझ्या माहेराला तर रोजच. पण असं कधी बोलली नाही. दुकानदारानंही मला स्टूल दिलं आणि तो उभा राहिला. मी घरी आले, गूळ विसरून.

स्वीटी सांगते, नोटीस आली तेव्हापासून शकुबाईचं जेवण सुटलं. लांब लिफाफा, वर ठप्पा, तिला वाटलं पोलिसांचा. पिशवीत गुंडाळून देवाच्या कोनाड्यात ठेवला आहे. कुणी जीप थांबवली की मागच्या दारी जाते. स्वीटीला हे सगळं कसं कळलं कोण जाणे. अभ्यास बाहेरही चालत असेल.

सोमवार

आज शहाणपण केलं, त्याचं फळ गुडघ्याला मिळालं.

स्वीटीला म्हटलं, चल, बडादेवाला जाऊ. ती अंगणातून मागं वळली. मी म्हटलं, इकडून नाही. गाव कसं जातं, तसं जाऊ. फाटकाबाहेर पडलो. आधी गढीला पूर्ण वळसा, मग नाल्यात उतरायचं, गाळातून चप्पल हातात घेऊन, मग पलीकडची चढण, दोन्ही बाजूंनी बोरीचे काटे. माझं लुगडं तीनदा अडकलं. अर्ध्यावर मी दगडावर बसले आणि मला पुढंही जाता येईना, मागंही.

शकुबाई दर सोमवारी बडादेवाला पाणी घालते. पूर्वी आमच्या अंगणातून जायची, जाता जाता माझ्या चुलीला नाव ठेवून जायची. उन्हाळ्यापासून आली नव्हती. मला वाटलं कंबर धरली असेल. विचारलं नाही. आत बसून मला कुलूप बकऱ्यांचंच दिसलं.

मी दगडावर होते तेव्हा ती वरून उतरत होती, रिकामा लोटा घेऊन, एक हात काट्यांत, एक कमरेवर. मला बघितलं. थांबली. मला वाटलं आता बोलेल. तोंड उघडलंही. मग मिटलं आणि बाजूनं गेली. मासोळीसारखं.

घरी येऊन लखनला सांगितलं, भुयार खोटं, ताट खोटं, चप्पल खोटी. कुलूप खरं. काढ ते.

तो चिडला नाही, हेच वाईट. समजावणीच्या आवाजात म्हणाला, "आजी, आता काढलं तं कबूल केल्यासारखं होते. वकील म्हनते, केस चालू असतानी काहीच बदलाचं नाई. लोकायले वाटन घाबरले. अन् पाहुणे येतात, त्यायले काय सांगू, कोनीही आंगनातून येते-जाते म्हनून?"

"आपल्या आंगनातून देवाले जाते, असं सांगजो."

"बाबा, तुमीच सांगा हिले," तो आनंदरावला म्हणाला.

आनंदराव भिंतीकडं बघत होता. मी त्याला म्हटलं, आनंदा, राजा तू आहेस. तो म्हणाला, "पोराचे पैसे लागले हायेत माय." आणि पुन्हा भिंतीकडं.

लखन वाईट नाही, हे लिही. त्याला नागपूरच्या हॉटेलात लोक टिचकी वाजवून बोलवायचे. त्याला वाटतं इथं तरी कुणी त्याच्याबद्दल वाकडं बोलू नये. आमचं उलटं आहे. वाकडं बोलायला आमच्याच दारी यायचं, यासाठी तर हे घर गावानं राखलं. नाहीतर टिनाच्या चार खोल्यांना राजा कोण म्हणतं? लोक करीला आले नाहीत तर आनंदराव निवृत्त कंडक्टर आणि मी गुडघ्याची म्हातारी. ते वाईट आहे असं नाही. पण मग गावानं जायचं कुठं?

शुक्रवार, पोळा

बैल कमी, ट्रॅक्टरच जास्त. ट्रॅक्टरलाही झूल घातली होती. आनंदरावनं तोरण तोडलं. सगळे पाया पडले, सगळे गोड बोलले. त्यापुढं पुरणपोळी अळणी लागली.

शनिवार, कर

नीट लिही. घाई करू नको.

सकाळी लखननं फाटक सताड उघडलं, झेंडूच्या माळा लावल्या. आजच्या दिवसापुरतं. कुलूप कडीला तसंच लोंबत होतं. तंबूतले पाहुणे खुर्च्या टाकून बसले, मोबाइल धरून. आनंदराव आंघोळ करून अनवाणी पायरीवर उभा राहिला. शेजारी पाण्याची गुंडी भरून ठेवली, वर लोटा. मी दाराच्या चौकटीत, नेहमीच्या जागी.

गाव आलं. मला वाटलं होतं कुणी येणार नाही, पण आलं, सगळं आलं. प्रेमदासही होता, मागं, मोबाइल वर धरून. आले आणि उभे राहिले.

शकुबाई पुढं आली. पहिल्या शिवीचा मान. पायरीसमोर उभी राहिली, आनंदरावकडं बघितलं, मग लखनकडं, मग फाटकाच्या कडीकडं. दोन्ही हात जोडले.

"सगळं बरं हाय, राजेसाहेब. आमची काही तक्रार नाई."

मागून दुसरा आला, बरं आहे. तिसरी आली, बरं आहे. महादेवराव सरपंच, जो दर वर्षी शिव्या पाठ करून येतो, तोही, "कृपा हाय तुमची." सगळे रांगेत येऊन आम्हाला बरं म्हणत गेले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लखनचा चेहरा खुलला होता. मी इतक्या मयती बघितल्या, पण असं गार कधी वाटलं नव्हतं.

आनंदरावनं पहिली ओंजळ बघून लोटा उचलला. ओंजळ शकुबाईची. ती हात मागं घेत म्हणाली, चूळ कशाची भरू, तोंड तर कोरडंच आहे.

आनंदरावनं लोटा खाली ठेवला. राजाला त्या दिवशी बोलता येत नाही, तो बोललाही नाही. पायरी उतरला. लोकांतून चालत फाटकापाशी गेला. फाटकाचा पल्ला दोन्ही हातांनी धरला आणि बिजागरीतून वर उचलायला लागला. लोखंडी पल्ला, साठी ओलांडलेला माणूस. पल्ला वाजला, हलला, पण निघेना. लखन ओरडला, "बाबा, काय करून राह्यले?" आनंदरावनं उत्तर दिलं नाही. करीला देता येत नाही.

मग प्रेमदासनं मोबाइल खिशात घातला, दुसऱ्या बाजूला गेला आणि खालून हात लावला. पल्ला निघाला. दोघांनी तो हातपंपाजवळ आडवा टाकला. माळा त्याच्याखालीच चिरडल्या. दुसरा पल्ला लवकर निघाला. आनंदराव परत पायरीवर येऊन उभा राहिला, हात लाल, पाय मातीत, छाती भात्यासारखी चाललेली.

आणि शकुबाईला कंठ फुटला.

"मुडद्या आनंद्या, आता सुचलं व्हय तुले? चार महिने मी त्या नाल्यातून मेली, कमरेचा काटा ढिला झाला, अन् तू इथं बसून गाईले पानी दाखवते? देव का तुह्या बापानं बसवला व्हय? कुलूप लावाचंच होतं तं पोराच्या डोक्याले लावाचं होतं, तिथंच हवा खेळून राह्यली!" तिथून ती माझ्याकडं वळली. "अन् तू व, धुरपते. दारात उभी हाय शहानी. मी येत नाई तं एक डाव तरी विचारलं का, शकू मेली का जगली? चहा ढोसत बसली इथं. गूळ विसरून आली दुकानात, तो बी मीच आनून ठेवला हाय घरी."

धुरपते म्हणाली.

मग कुणी कुणाला आवरेना. महादेवरावांनी पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. कुणी सुट्या पैशांवरून आनंदरावला तो कंडक्टर असतानाचं ऐकवलं. एकीनं माझं वरण काढलं. पाहुण्यांतल्या एका बाईनं घाबरून खुर्ची मागं घेतली.

शेवटी प्रेमदास. इतकं लिहिणारा पोरगा, समोर आला तो मोबाइल खिशातच ठेवून. लखन बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, बूट घालून. प्रेमदास त्याच्याकडं बघून एवढंच म्हणाला,

"तुही नोटीस आली तं माह्या आजीनं जेवन सोडलं, लखन. मले पाठवली तं मले पाठवाची होती. घरावर काऊन पाठवली?"

लखननं तोंड उघडलं. मी दारातून बघत होते. आनंदरावनं त्याच्याकडं बघितलंही नाही, नुसता पायानं त्याच्या बुटाला स्पर्श केला. लखननं तोंड मिटलं. वाकला, बूट काढले, आणि लोटा उचलून प्रेमदासच्या ओंजळीत पाणी ओतलं. अर्धं सांडलं. प्रेमदासनं चूळ भरली. शकुबाईनं तिची चूळ लखनच्या शोभेच्या झाडांत टाकली, नेम धरून.

सोमवार

सगळं अंग दुखतं. आनंदराव खाटेवर पडून एकेक शिवी आठवतो आहे, बापासारखा. सुट्या पैशांवर थांबला आहे.

फाटकाचे पल्ले नाल्यावर टाकले, पूल झाला. पाहुण्यांपैकी ती बाई पुढच्या वर्षी करीला येणार म्हणते, तिलाही बोलायचं आहे. लखननं वकिलाला फोन केला. नोटिशीचं नाव दोनदा ऐकू आलं, बाकी मी विचारलं नाही. चेहरा उतरलेलाच आहे. उतरू दे काही दिवस.

शकुबाई पाणी घालायला अंगणातून गेली. चूल बघून म्हणाली, अजून धूरच करते का?

‘धामकाठ लाइव्ह’वर बातमी आली. ‘अखेर सावळगढचं राजघराणं झुकलं!’ लखन म्हणाला, बघ आजी, शेवटी हेच लिहिलं. मी म्हटलं, मग, झुकलोच ना. फाटक काय उभ्यानं निघतं?

फोटो मोठा आहे. आनंदराव पल्ला उचलतो आहे, प्रेमदास खालून हात लावतो आहे, आणि बाजूला दारात मी, डोक्यावरचा पदर घसरलेला, तोंड उघडं. प्रेमदासचे दोन्ही हात तर फाटकाला होते. म्हणजे फोटो पुन्हा आतूनच, आमच्या चुलीकडून काढलेला.

स्वीटी, माकडाला सांग, पुढच्या वेळी आधी आवाज दे, मी पदर घेईन.

थांबली काऊन? लिही. आणि मग वाच.